पहिलं नाव

"बाईंना पुन्हा अर्धांगवायूचा झटका आला तर आधी कुणाला कळवायचं?" फॉर्म पुढे करत नागपूरच्या हॉस्पिटलमधल्या नर्सनं विचारलं. "सर्वांत लवकर पोहोचेल त्याचं नाव पहिलं लिहा."

"मग धाकटीचंच लिही," आई पलंगावरून म्हणाली. "अनघाला घरून इथे यायला पन्नास मिनिटं लागतात. तुला बुटीबोरीहून बसनं सव्वा तास."

थोरल्या विजयानं फॉर्म हातात घेतला. अनघा टोरांटोला राहत होती, नागपूरपासून बारा हजार किलोमीटरवर. पूर्वी प्रवासात एक अख्खा दिवस जायचा, तेव्हा ती दोन वर्षांतून एकदा यायची. आईची औषधं, पथ्य, आंघोळ, सगळं विजयाकडे असायचं. नवी विमानं सुरू झाली आणि अनघा रोज संध्याकाळी येऊ लागली. तिकडे तेव्हा सकाळ असे. आईची वेणी घालून ती ऑफिसला परत जाई.

"ताई, बुटीबोरीहूनही एखादं विमान सोडायला सांग ना त्यांना," त्या संध्याकाळीही आलेली अनघा वेणीचे पेड आवळत म्हणाली. आई खुदकन हसली.

विजयानं फॉर्मवर पहिलं नाव स्वतःचं आणि दुसरं अनघाचं लिहिलं; स्वतःच्या नावापुढे चाळीस मिनिटं असं लिहिलं.

गुरुवारी दुपारी नर्सचा फोन आला. आईला झटका आला होता. इंजेक्शन तासाभरात द्यायला हवं होतं आणि त्याआधी घरच्या माणसाची सही लागणार होती.

"तुम्हाला जमणार नसेल तर दुसऱ्या नावाला कळवते," नर्स म्हणाली.

"नको, मी पोहोचतेच आहे," विजया म्हणाली.

बुटीबोरीच्या थांब्यावर बस अजून आलेली नव्हती.