गोजरबाईची शीर

तिसऱ्यांदाही सुई चुकली. गोजरबाईच्या मनगटावर निळा फुगवटा आला आणि नर्स पोरीनं घाईघाईनं त्यावर कापूस दाबून धरला.

"सरक बाजूला," सुलेखा म्हणाली.

गोजरबाई तिची आई. जुलाब-उलट्यांनी बाई पार वाळून गेली होती. पिशोरहून जीपमध्ये घालून आणली आणि शहरात शिरल्यावर जो पहिला दवाखाना लागला तिथंच उतरवली. बीपी खाली खाली चाललं होतं. सलाईन गेलं तर आई वाचणार होती, आणि सलाईन लावायला शीर सापडत नव्हती. डॉक्टर वरच्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये अडकलेले. खाली वॉर्डात ही एकटी, प्रेरणा नावाची नवीकोरी नर्स.

सुलेखानं सुई स्वतःच्या हातात घेतली. ती स्वतः मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूची नर्स. तान्ह्या लेकराची शीरसुद्धा ही पहिल्या झटक्यात धरते, असं तिथले डॉक्टर सांगायचे. पण ते पेशंट परके होते. आईचा गार पडलेला हात हातात आला आणि तिची बोटं लटालटा कापायला लागली. तिनं टोचलं, चुकलं. पुन्हा टोचलं, पुन्हा चुकलं. आईनं साधं हूं केलं नाही.

सगळा राग मग पोरीवर निघाला. "एक शीर धरता येईना तुला? कुणी शिकवलं गं? कुठल्या कॉलेजची तू?"

"कन्नड रोडच्या," प्रेरणा खाली बघत म्हणाली. "आप्पासाहेबांच्या."



आप्पासाहेबांच्या त्या कॉलेजात सुलेखा प्राध्यापक होती. म्हणजे कागदावर होती. नर्सिंगच्या पीएचडीला लागली तेव्हा तिच्या गाईड म्हणाल्या होत्या, आता शिकवायला जा, चार पोरी घडव. ती हौसेनं गेलीही. संस्थाचालक आप्पासाहेबांनी चहा पाजला आणि गोडीत सांगितलं, "मॅडम, मान्यतेसाठी आम्हाला तुमचं नाव पाहिजे. रोज यायची तसदी कशाला? इन्स्पेक्शनला तेवढं या." शिकवणं म्हणजे हेच असेल तर आपला आयसीयू काय वाईट, असं म्हणत ती माघारी आली. नाव मात्र तिथंच राहू दिलं. नावापोटी चार पैसेही यायचे. शिवाय पिशोरात गोजरबाईनं लेक प्रोफेसर झाली म्हणून गल्लीभर पेढे वाटले होते, तिला आता कोणत्या तोंडानं खरं सांगणार? इन्स्पेक्शनच्या दिवशी सुलेखा जायची, खुर्चीवर बसायची, जेवायची, निघून यायची. ओळीनं उभ्या केलेल्या पोरींकडं तिनं कधी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

या पोरीनं आपल्याला ओळखू नये, एवढंच तिच्या मनात आलं. मग आईचा श्वास उथळ झालेला दिसला आणि तिला ओळखपाळख कशाचीच पर्वा राहिली नाही. आपल्या हातांनी हे होणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. वॉर्डात दुसरे हात या पोरीचेच होते.

तिनं नवी सुई प्रेरणाच्या हातात दिली. "घे. मी सांगते तसं कर."

"मला नाय जमणार, मॅडम."

"मलाही नाही जमलं. पट्टा कोपराच्या वर बांध. अजून घट्ट. आता डोळ्यांनी शोधू नको, बोटानं शोध. दाबून सोडल्यावर जी उसळते ती. सापडली? आता सुई आडवी धर. इतकी उभी नको, बाई, पाया पडते तुझ्या."

गोजरबाईनं डोळे किलकिले केले. पोरीचा घामानं डबडबलेला चेहरा बघून तीच तिला धीर द्यायला लागली. "भिऊ नको, पोरी. माझी लेक लई मोठ्या कॉलेजात शिकवती. ती म्हणल तसं कर."

सुलेखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रेरणानं ओठ आवळले, बोटानं पुन्हा एकदा चाचपलं आणि सुई घातली. सुईच्या मागच्या टोकाला रक्त दिसलं. सलाईन सुरू झालं. पहिली बाटली संपत आली तसं बीपी हळूहळू वर सरकलं. सुलेखा भिंतीला टेकून मटकन खाली बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली.

गोजरबाईला जरा हुशारी आली. "बघ," ती पोरीला म्हणाली, "चांगलं शिकवती का नाय माझी लेक?"

प्रेरणा दुसरी बाटली लावत होती. तिनं सुलेखाकडं पाहिलं नाही.

"व्हय, आजी," ती म्हणाली. "तीन वर्षं आम्हाला याच मॅडम होत्या."