एकच पास

कमलाकर फाटकाखाली हात घालून शेवटचा नट आवळत होता. हातमोजा काढून बराच वेळ झाला होता. बोटं आपली की स्पॅनरची, कळत नव्हतं.

खालच्या मेंढ्यांच्या फार्मवरची क्लोई तिच्या चारचाकी क्वाडबाइकवरूनच वाकली. "कॅम, हे माझं जुनं फाटक आहे."

"होतं," कमलाकर म्हणाला.

आता ते वखर होतं. फाटकाची चौकट, तिच्याखाली आडवी, धार लावलेली लोखंडी पट्टी, मागे साखळीनं बांधलेला लॉरीचा टायर. वर वजनाला वाळूची दोन पोती. क्वाडबाइकनं ओढलं की पट्टी बर्फाचे उंचवटे कापणार, टायर मागून दाबत येणार. यवतमाळकडे ढेकळं फोडायला असंच असायचं. पुढे बैल, एवढाच फरक.

पेटी बुधवारी आली, बर्फ गुरुवारी. मीनाक्षी पुढच्या खोलीत, त्या पेटीत होती. ऑल्स्टनच्या वरच्या या घरापासून डांबरी रस्ता दीड मैल खाली. अंत्यविधीवाल्यांची गाडी तिथेच अडली होती; दोन माणसं चालत वर आली होती. दहनाची वेळ दोनची होती.

गेले दोन हिवाळे हॉस्पिटलला जाता-येता या वाटेचा एकेक खड्डा मीनाक्षीच्या मणक्यात उतरला होता. "अहो, एवढी वाट तेवढी सपाट करा ना," ती म्हणायची. तो "करतो" म्हणायचा. चित्रसुद्धा काढलं होतं, फ्रिजवर लावलं होतं. काल आणि आज मिळून वखर तयार झालं. सात तासांचं काम होतं.

अक्षयानं घरची क्वाडबाइक सुरू केली. "बाबा, मी चालवते. किती पास?"

इंजिनाच्या आवाजात त्यानं मान वर केली नाही. "एकच. एकच पास असते त्याला."

"ओके."

ती खाली जाऊन परत येईपर्यंत अंत्यविधीवाल्या त्या दोघांनी पेटी बाहेर आणली, क्लोईच्या ट्रेलरवर पट्ट्यांनी बांधली. अक्षयानं अंगठा दाखवला. क्लोई निघाली, मागून वखर ओढत अक्षया. कमलाकर पेटीवर हात ठेवून बाजूनं चालू लागला.

तिसऱ्या वळणाला ट्रेलरचं डावं चाक बर्फात खचलं. पेटी पट्ट्यांना ताण देत सरकली आणि फळीवर आदळली. धप्प.

कमलाकरचा हात अजून तिथेच होता, जिथे आत्तापर्यंत पेटी होती.

"अक्षू, फेऱ्या किती मारल्यास?"

"एक. तुम्हीच तर बोललात, एकच पास."

त्यानं बुटाच्या टोकानं वखराची पट्टी ठोकली. "पास म्हणजे ही. वखराचं पातं. ती एकच असते. फेऱ्या तीन मारायच्या, मग तासभर थांबायचं, बर्फ घट्ट धरेपर्यंत."

तो 'असते' म्हणाला होता; इंग्रजीतला फेरीचा पास असता तर 'असतो' म्हणाला असता. पण मराठीतलं 'तो' आणि 'ती' ब्रिस्टलला वाढलेल्या अक्षयाला कधी जमलंच नव्हतं. ती पट्टीकडे बघत राहिली.

"दोर लावते," क्लोई म्हणाली. "एक चांगला हिसका दिला की दहा मिनिटांत बाहेर. दोनची वेळ गाठू."

"ती चुकली तर थेट मंगळवार, सर," त्या दोघांतला थोरला म्हणाला.

"हिसका नको," कमलाकर म्हणाला. "मंगळवार."

सगळ्यांनी मिळून पेटी उतरवली, दगडी भिंतीच्या आडोशाला ठेवली. ट्रेलर उचलून कडेला घेतला. कमलाकर वखरावर, वाळूच्या पोत्यांवर जाऊन बसला. लहानपणी वजनाला त्यालाच बसवायचे.

"चल," तो म्हणाला. "हळू."

घर ते डांबरी रस्त्याजवळचं गेट, गेट ते घर, तीन फेऱ्या. उडालेला बर्फ तोंडावर बसत होता, तो पुसत नव्हता. मग तासभर सगळे नुसते उभे राहिले. क्लोईनं फ्लास्कमधला चहा पुढे केला. त्यानं कप घेतला, प्यायला विसरला. दोन वाजले तेव्हा थोरल्या माणसानं बाही ओढून घड्याळ झाकलं.

कमलाकरनं टाच रोवून पाहिली. रुतली नाही. पेटी पुन्हा ट्रेलरवर बांधली.

या वेळी चाकांचा आवाजसुद्धा झाला नाही. सारवलेल्या अंगणावरून पाट सरकवावा तशी पेटी खाली गेली. तिसरं वळण, पुढचा उतार, थेट गेटपर्यंत. त्या दोघांनी गाडीचं मागचं दार उघडलं.

हॉस्पिटलला जाताना इथे पोचलं की मीनाक्षीच्या बाजूला वाकायचा तसा कमलाकर पेटीकडे वाकला.

"दुखलं का गं?"

क्लोईला मराठी येत नव्हती. तिनं अक्षयाकडे पाहिलं. अक्षयानं इंजिन बंद केलं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "अजिबात नाही दुखला."