माणसं किती धरायची

एकोणीसशे एक्क्याण्णव सालची गोष्ट. विमा कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावरचा जुना एसी शेवटच्या घटका मोजत होता आणि नवा केवढा बसवायचा ते ठरवायला एक तरुण मुलगी टेप, थर्मामीटर आणि छापील तक्ता घेऊन आली होती. सगळे तिला पाहणीवाली म्हणू लागले.

तिने खिडक्या मोजल्या, ऊन कुठवर आत येतं ते पाहिलं, दिवे मोजले. मग टेबलांमधून फिरत माणसं मोजायला लागली.

"आम्हाला कशाला मोजताय?" हेडक्लार्कने विचारलं.

"माणूसही तापतो ना. नुसता बसलेला माणूस शंभराच्या बल्बइतकी उष्णता सोडतो."

"मग मला दोन बल्ब धरा," ते पोटावरून हात फिरवत म्हणाले.

"आणि साहेब ओरडायला लागले की त्यांना भट्टी धरा," खिडकीजवळून मोठ्या बाई म्हणाल्या. त्या तिथल्या सर्वांत जुन्या टायपिस्ट, वीस वर्षं त्याच टेबलाशी. हॉल खो-खो हसला. पाहणीवालीने हसू दाबत तक्त्यात आकडा लिहिला, एकेचाळीस.

काचेच्या केबिनमध्ये साहेबांनी तक्ता वाचला आणि त्या आकड्यावर काट मारली.

"चोवीस धरा."

"पण साहेब, मी आत्ता मोजून आले."

"आत्ताचं सोडा. एप्रिलपासून चोवीसच राहणार आहेत. उगाच मोठं मशीन घेऊन वीज कशाला जाळायची?" त्यांनी खणातून हॉलचा नकाशा काढला. सतरा टेबलांवर पेन्सिलीने फुल्या होत्या. "ही सोडून बाकीच्यांच्या वर हवेच्या जाळ्या येतील. छताला खडूने खुणा करून ठेवा. आणि हे बाहेर बोलायचं नाही. अजून कुणालाच सांगितलेलं नाही."

साहेब वाईट नव्हते. बोलताना ते सारखं पेपरवेट फिरवत होते.

पाहणीवाली बाहेर आली. तिने शिडी उघडली. पहिली खूण हेडक्लार्कच्या डोक्यावर झाली, दुसरी त्यांच्या शेजाऱ्याच्या. तिसऱ्या टेबलावर फुली होती. तिने शिडी पुढे सरकवली.

"आमच्यावर काय राग आहे?" तिथला कारकून म्हणाला. "आम्हाला उकडत नाही वाटतं?"

लोक हसले. पण दोन टेबलांनंतर तिने खूण न करताच पुन्हा शिडी सरकवली तेव्हा कुणी हसलं नाही. एकेक टाइपरायटर गप्प होत गेला. माना वर करून सगळे खडूकडे बघत होते.

ती मोठ्या बाईंच्या टेबलाशी आली. नकाशातली इथली फुली फारच ठळक होती. पेन्सिलीच्या जोराने कागद फाटायला आला होता.

"काय गं पोरी," बाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "माझ्या डोक्यावर आहे ना जाळी?"

साहेबांना विचारा, एवढं म्हणून ती सुटली असती. ते शब्द अगदी ओठांवर आले होते. पण बाई तिच्या आईच्या वयाच्या होत्या आणि चष्मा काढून उत्तराची वाट बघत होत्या.

"आहे की!" ती म्हणाली, आणि शिडीवर चढून तिने बरोबर बाईंच्या डोक्यावर गोल काढला. मग मागे जाऊन सोडलेल्या टेबलांवरही काढले. सतराच्या सतरा. हॉलच्या जिवात जीव आला. कुणीतरी चहा सांगितला. ती अजून शेवटच्या टेबलापाशी शिडीवरच होती, तेवढ्यात मोठ्या बाई उठून हेडक्लार्कच्या टेबलावरच्या फोनशी गेल्या.

"दादा, मी बोलतेय. शाळेतल्या त्या जागेला नाही म्हणून कळव. हो, आजच कळव, ताटकळत ठेवू नकोस त्यांना. अरे, नवा एसी बसतोय इथे, माझ्या डोक्यावर जाळी येतेय! आता या वयात बस्तान मोडून कुठे जाऊ?"

रिसीव्हर बाईंच्या कानालाच होता. पलीकडून भाऊ काहीतरी समजावत होता. पाहणीवालीने एक शब्द उच्चारला असता तरी पुरलं असतं. ती खाली उतरली. तिने शिडी मिटली, तक्त्यात चोवीस लिहिलं आणि सही केली.

मार्चअखेर सतरा जणांना पत्रं मिळाली. हेडक्लार्क राहिले. नव्या एसीखाली स्वेटर घालून त्यांनी सतरा जणांचं काम उपसलं आणि निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच राजीनामा दिला. साहेबांचं नाव पुढच्या वर्षीच्या कपातीच्या यादीत निघालं. पाहणीवालीने पुढे तीस वर्षं इमारती तपासल्या, हाताखाली बरीच माणसं आली, पण माणसं मोजायचं काम तिने कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही. शाळेतली जागा तर फोन झाला त्याच आठवड्यात भरली होती. मोठ्या बाई घरीच वकिलांचे कागद टाइप करून देऊ लागल्या.

पत्रं मिळाली त्याच वर्षीच्या मे महिन्यात पाहणीवाली पत्ता शोधत त्यांच्या घरी गेली. भर दुपार होती. दार उघडताच ती म्हणाली, "बाई, मला तेव्हाच ठाऊक होतं."

बाईंनी दार पूर्ण उघडलं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "बाहेर किती ऊन आहे."

त्यांनी तिला खुर्ची दिली आणि टेबलफॅनचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग तिच्याकडे पाठ करून मशीनशी बसल्या आणि अर्ध्यावर राहिलेलं पान पुढे टाइप करू लागल्या. हळूहळू त्यांच्या पाठीवरचं पोलकं घामाने भिजत गेलं.