मधात बसलेला

इमादनं तो ड्रायव्हर काढायला घेतला तेव्हा अब्बा त्याच्या खुर्चीमागेच उभे होते. "तेवढं राहू दे," ते म्हणाले. इमादनं राहू दिलं नाही.

शेंदूरजनाघाटच्या रस्त्यावर इनायतुल्लाभाईंचा, म्हणजे अब्बांचा, वजनकाटा होता. संत्र्यांनी भरलेले टेम्पो त्यावर चढायचे आणि केबिनमधला म्हातारा कॉम्प्युटर वजन सांगायचा. तो आता केव्हाही मान टाकेल अशी गत झाली होती. वजनाचा प्रोग्रॅम नव्या मशीनवर चढत नव्हता, आणि तो लिहून देणारा अकोल्याचा माणूस केव्हाच आखातात निघून गेला होता. म्हणून अमरावतीच्या कंपनीत हेच काम करणारा इमाद सुट्टी काढून आला. त्यानं जुना कॉम्प्युटर, आतल्या सगळ्या सामानासकट, नव्या मशीनच्या पोटात बसवला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला, म्हणजे खोका नाही, त्याची हुबेहूब नक्कल. आतल्या बिचाऱ्याला आपलं घर बदललं हे कळतही नाही. फक्त ड्रायव्हर नीट बघावे लागतात. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं एकेक उपकरण यांच्यामधला दुभाषा. नव्या डिस्कचा ड्रायव्हर आधी घालून ठेवला नाही, तर सुरू होतानाच निळा पडदा येऊन बसतो. इमादनं तो घातला होता. मशीन झकास सुरू झालं. मग ज्यांची उपकरणंच उरली नव्हती, त्या ड्रायव्हरांना त्यानं बाहेरची वाट दाखवली. जुना प्रिंटर गेला, जुना मोडेम गेला.

आणि हा एक सापडला. याला स्वतःचं उपकरण कधी नव्हतंच. काट्याची वायर आणि वजनाचा प्रोग्रॅम यांच्यामध्ये तो गुपचूप बसून होता. काट्याकडून आलेला आकडा बदलून पुढे पाठवत होता. किती बदलतो, कसा बदलतो, हे उघडून पाहायची सोय नव्हती. इमादला गरजही वाटली नाही. काट्यावरचा आकडा कोणाच्या सोयीनं बदलतात, हे व्यापाऱ्यांत वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही.

हा कोणी बसवला, असं त्यानं अब्बांना विचारलं. अब्बांची मान खाली गेली. मीच बसवून घेतला, अकोल्याच्या त्या माणसाकडून, एवढंच ते म्हणाले.

इमादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या रस्त्यावर लोक इनायतभाईंचं वजन डोळे मिटून मानत. व्यापारी दुसऱ्या काट्याचं वजन घ्यायलाच तयार नसत. त्या नावावर इमाद शाळेपासून ताठ मानेनं फिरला होता. किसनरावांच्या बगीच्यात झाडाखाली बसून त्यानं पोट फुटेस्तोवर संत्री खाल्ली होती, आणि त्याच किसनरावांच्या मालावर इथं हात मारला जात होता. त्याला बापाकडे बघवेना. ड्रायव्हर काढून त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं.

तेवढ्यात किसनरावांचाच टेम्पो आला. सकाळी एकदा येऊन, काटा बंद बघून ते परत गेले होते. इमाद केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला. अब्बा ऐकत होते, तरी तो बोलला. खरं तर ते ऐकत होते म्हणूनच बोलला.

"काका, आजपासून खरं वजन भेटन तुमाले. इतके दिवस काट्याच्या मधात एक जण बसून होता. त्याले हाकललं मी."

किसनरावांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. ते हसले आणि त्यांनी टेम्पो काट्यावर घेतला. आत अब्बा टेबलावरची धूळ बोटानं पुसत बसले होते.

आकडा स्थिरावला. किसनरावांनी खिडकीतून वाकून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सकाळी इथं बंद होतं म्हणून आपण वरुडच्या काट्यावर वजन करून आलो, असं त्यांनी सांगितलं.

"तिथून सरळ इथंच आलो, बाबू. एक संत्रं उतरलं नाई. मंग हे दोन क्विंटल कमी कावून दाखवून राह्यलं?"

इमादनं वायर तपासली. टेम्पो खाली घेऊन पुन्हा चढवायला लावला. आकडा तोच, कमीचा.

अब्बा उठले. काट्याच्या पलीकडच्या कोपऱ्याशी जाऊन त्यांनी लोखंडी पत्र्यावर चपलेनं ठोकलं. गिट्टीचा एक ट्रक नको तेवढा भरून चढला होता, तेव्हा हा कोपरा खचला, असं ते म्हणाले. तेव्हापासून काटा कमी दाखवतो. शेतकऱ्याचा माल मारला जाऊ नये, म्हणून कमी पडेल तेवढं भरून काढणारं ते काहीतरी अकोल्याच्या माणसाकडून लावून घेतलं. खोदून पाया नव्यानं घालायचं दरवर्षी ठरतं आणि राहून जातं. हे सगळं ते त्या पत्र्याकडे बघूनच बोलत होते. इनायतभाईंचा काटा खचलेला आहे, हे चारचौघांत कोणत्या तोंडानं सांगायचं, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. पोरालाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

इमादचे कान तापले. मघाशी खाली गेलेली ती मान त्याला पुन्हा दिसली, आणि तिच्यात आपण काय पाहिलं तेही आठवलं.

किसनराव कोड्यात पडले होते. "मंग बाबू," त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "मधातून तू हाकललं ते कोणाले?"

इमादची मान खाली गेली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. अब्बा काट्यावरून चालत आले आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले.

"पोराले काई बोलू नका, किसनराव. म्याच सांगतलं होतं त्याले, काढून टाक म्हून."