वाकडा चिमटा

"ह्याचा चिमटा कुटं गेला?" धोंडीबानं विचारलं.

कोरेगावच्या स्टँडमागं, मिस्त्रीच्या दुकानात त्याची सायकल नटूनथटून उभी होती. सरळ हँडल, गजाच्या ब्रेकच्या जागी तारेचे ब्रेक, मागच्या चाकाला सहा गिअरची चक्रं. फ्रेम तेवढी जुनी, विलायती पोलादाची. मिस्त्री तिचं कौतुक करून थकत नव्हता. आताच्या फ्रेमी जोडातनं पटापटा तुटतात, हिला नवं चाक बसवायला मागनं बोटभर फाकवली तरी हूं का चूं नाही, म्हणाला. नवं सामान धोंडीबाच्या पोरानंच आणून दिलं होतं. धोंडीबाचं लक्ष मात्र पुढच्या चाकावर होतं. चाक धरणारा जुना चिमटा काढून तिथं चकचकीत नवा बसवला होता, आणि जुना कोपऱ्यात मोडीच्या ढिगावर पडला होता.

"आवं बाबा, वाकडा हुता त्यो," मिस्त्री म्हणाला.

वाकडा होताच. वाकून चाळीस वर्षं झाली होती.

छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन धोंडीबा गावात शिरला तो ह्याच सायकलवर. मुंबईच्या गोदीत तीन वर्षं घाम गाळून घेतलेली सायकल! तोवर वस्तीतला माणूस गावच्या पाटलांच्या, म्हणजे आताच्या आप्पासोंच्या, दारावरून सायकलवर बसून जात नसे. खाली उतरायचं, चपला हातात घ्यायच्या, वीस पावलं चालायचं, मग बसायचं. धोंडीबा उतरला नाही. आप्पासोंच्या वडलांनी त्याला गड्यांकरवी खाली ओढला, बडवला, आणि सायकल उचलून दगडावर आपटली. धोंडीबाच्या खांद्याचं हाड मोडलं ते जुळलं. चिमटा काही सरळ झाला नाही. महिन्याभरानं हात गळ्यात बांधून हा बहाद्दर पुन्हा तिथूनच गेला. बसून. तेव्हापासून सायकल डावीकडं ओढायची आणि हा तिला सरळ हाकायचा. एकदा नेमकी त्याच दारात पंक्चर झाली. धोंडीबा रिमवर खडखडत वीस पावलं पुढं गेला, आणि मगच उतरला. रिमचं वाटोळं झालं. झालं तर झालं!

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. धाकटा कुणाल साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला होता, रोज सात मैल जायचं होतं. सायकल गिअरची करून घेतो म्हणाला. धोंडीबानं हरकत घेतली नाही. पायातली वहाण काढून द्यावी तशी सायकल दिली. म्हणाला, काय बदलायचं ते बदल, पण त्या दारात कधी उतरायचं नाही. कुणाल हसला होता. आता कोण उतरतंय, आबा, म्हणाला होता.

धोंडीबानं जुना चिमटा पिशवीत घातला आणि एसटीनं घरी आणला. संध्याकाळी तो पोरावर लय कावला. शेवटी बाळाबाईनं नवऱ्याला समजावलं. पोराला वेळेवर कामावर पोचायचंय, त्यानं जन्मभर सायकलीशी झोंबायचं का, म्हणाली. ते धोंडीबालाही पटलं. फ्रेम आपलीच आहे ना, मग झालं, असं म्हणून त्यानं चिमटा खुंटीला अडकवला.

सकाळी तो मुद्दाम दूध डेअरीच्या पायरीवर जाऊन बसला. समोरच आप्पासोंचं घर. आप्पासो कट्ट्यावर पेपर वाचत होते. कोपऱ्यावरून कुणाल आला. गिअर कट्कन पडला, सायकल तेलावर चालल्यागत पुढं आली, रेघ मारल्यासारखी सरळ. धोंडीबाचा ऊर भरून आला. चिमट्याचा राग पार विरघळला. शेजारच्याला कोपरानं ढोसून तो म्हणाला, "माझी सायकल हाय ती."

आणि कुणालनं ब्रेक दाबले.

धोंडीबाला वाटलं, चेन पडली असेल. चेन पडली नव्हती. कुणालनं कट्ट्याकडं बघून हात जोडले, हँडल धरलं आणि सायकल हातानं ढकलत चालू लागला. आप्पासोंनी पेपरातनं मान वर केली नाही. वीस पावलं झाली. मग पोरगं टांग मारून बसलं आणि निघून गेलं.

दिवसभर धोंडीबाच्या पोटात अन्न गेलं नाही. शत्रूनं मारलं ते खांद्यावर सोसलं होतं. हे कुठं सोसायचं? संध्याकाळी कुणाल आला तेव्हा बाप उंबऱ्यात बसला होता, मांडीवर वाकडा चिमटा घेऊन.

"त्यांनी उतर म्हनलं तुला?"

"न्हाई, आबा."

"मग का उतरलास?"

कुणालनं सायकल भिंतीला टेकवली. बापाच्या मांडीवरच्या चिमट्याकडं त्याला बघवेना.

"त्यांच्या नातवाची गिअरची सायकल जोडातनं तुटली हुती. चाकं, गिअर, चिमटा, समदं त्यांनी मला फुकट दिलं, आबा. मग त्यांच्याच चिमट्यावर बसून त्यांच्या दारातनं कसं जायाचं?"