उजव्या खांद्यावरची गाठ

"अगं मिस्नाती, तुझी गाठ बघ कुठाय!" वारतिनी बांधावरून ओरडली आणि तिच्या हातातला पाण्याचा डबा निसटून बटाट्याच्या सरीत आडवा झाला.

वाकलेल्या सगळ्या बायका ताठ झाल्या. उजाडायला लागलं होतं. मिस्नातीनं थंडीसाठी पांघरलेल्या सारोंगाची गाठ उजव्या खांद्यावर होती, आणि ती सगळ्यांना दिसली.

आमच्या त्या डोंगरात, ब्रोमो ज्वालामुखीच्या कुशीत, थंडी बाराही महिने. बाई असो की बाप्या, सारोंग पांघरल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नसे. पण बाईची गाठ बोलायची. नवरा असला तर गाठ छातीवर. विधवेची डाव्या खांद्यावर. आणि उजव्या खांद्यावर असली म्हणजे पोर लग्नाची आहे, विचारायला या. मिस्नातीला तर नातवंडं होती. तिचा नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती. गावानं मंत्र म्हणून, जेवणावळ घालून त्याच्या आत्म्याला रीतसर वर पोचवलंही होतं. तिची गाठ मात्र डाव्या खांद्यावर बसली ती बसलीच.

"काय गं, ब्रोमोच्या देवाला मागणी घालतेस की काय?" वारतिनीनं विचारलं. "तो सारखा धुमसत असतो. तुला झेपायचा नाही."

"तिला धुराची सवय आहे, चूल ओलीच असते तिची," दुसरी म्हणाली. हसण्यानं सगळा उतार दणाणला.

"गप्प बसा गं," मिस्नाती म्हणाली. "दिव्याच्या उजेडात, आरशात बघून बांधली. झालं डावं-उजवं."

"मग सोड आणि नीट बांध."

"बोटं बधिर झालीत. आधी दंव धुऊ दे, पानं जातील माझी." ती पुन्हा वाकली. तिचे कान लालबुंद झाले होते, पण तशा थंडीत कान सगळ्यांचेच लाल असतात.

दंवाचं तिचं म्हणणं खरंच होतं. कोरड्या दिवसांत रात्रीचं दंव पानांवर गोठायचं, शेतं मीठ पेरल्यासारखी पांढरी व्हायची. ऊन पोचायच्या आत ते पाण्यानं धुतलं नाही, तर दुपारपर्यंत पानं काळी. म्हणून अशा पहाटे अख्खं गाव डबे घेऊन शेतात. ज्याला त्याला स्वतःचंच आवरेनासं व्हायचं.

एक तारमुजी तेवढा वेगळा. त्याचं शेत मिस्नातीच्या शेताच्या वर, मध्ये एकच बांध. बायको गेल्यापासून एकटाच होता. दंव पडलं की तो आधी मिस्नातीच्या सऱ्या धुवायचा, मग स्वतःच्या. दरसाल त्याच्या दोन-चार सऱ्या काळ्या पडायच्या. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "पाणी उताराकडंच जाणार, त्याला मी काय करू?" जसं काही ते पाणी पाटानं येत होतं, त्याच्या हातातल्या डब्यानं नाही.

संध्याकाळी तो तिच्या चुलीपाशी हात शेकायला यायचा. लाकडं नीट रचून द्यायचा, गळकं छप्पर बघायचा, बटाट्याला कीड लागली का ते बोलायचा. बटाट्याच्या पलीकडे त्याची जीभ कधी गेली नाही. आणि आमच्याकडे बाई नांगर धरते, पाठीवर पोती वाहते, पण मागणी घालत नाही.

आता खाली मलांग शहरातल्या पुतण्यानं त्याला बोलावून घेतलं होतं. "काका, एकट्यानं किती दिवस काढणार? खाली या." तारमुजीनं शेत दुसऱ्याला कसायला दिलं होतं. वरच्या रस्त्यावर कोबीचा ट्रक उभा होता, आणि तारमुजीचं गाठोडं त्यात केव्हाच चढलं होतं. निघता निघता शेवटचं म्हणून तो डबा घेऊन तिच्या शेतात उतरला होता.

ट्रकचा भोंगा वाजला.

"कांग तारमुजी, अहो दादा, चला लवकर!" ड्रायव्हर ओरडला. "कोबी वाट बघत नाही कुणाची!"

तारमुजीनं शेवटच्या सरीवर पाणी ओतलं. डबा बांधावर पालथा घातला. एकदा मिस्नातीच्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. मग तो चढण चढू लागला.

मिस्नातीनं मान वर केली नाही. ती एकाच झाडावर पाणी ओतत राहिली. त्याचं दंव कधीच निघून गेलं होतं. वारतिनीचंही हसू हळूहळू थांबलं. कड्यावरून ऊन उतरलं आणि धुतलेली पानं लखलखायला लागली.

वर ट्रकचं दार उघडल्याचा आवाज आला. मग लागल्याचा. मग काहीच नाही.

बायकांनी वर पाहिलं. तारमुजी रस्त्यावरच उभा होता. गाठोडं त्याच्या खांद्यावर होतं.

"काय झालं कांग? काही राहिलं का?" ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"राहिलं म्हणजे मीच राहिलो," तारमुजी म्हणाला. एवढ्या मोठ्यानं बोलताना त्याला गावानं कधी ऐकलं नव्हतं. खालच्या शेतांपर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. "तू जा. आणि बाजारातून येताना एक आरसा आण चांगलासा. मिस्नातीचा तर मागच्या कारोच्या सणातच फुटला. काचा मीच वेचल्या होत्या."