झबल्यापुरती ऊब

सासऱ्यांना हल्ली घर परकं वाटू लागलं, म्हणून नवऱ्याने त्यांच्या खोलीत जुन्या घरातल्यासारखा पिवळ्या तारेचा बल्ब लावला. दिसायला जुना, पण आतून एलईडी. संध्याकाळी बाळाला निजवून मी कुठे जरा पाठ टेकतेय, तर सासरे बाळाचं ओलं झबलं त्या बल्बजवळ धरून उभे. "तुझ्या नवऱ्याची झबली अशीच वाळवायचो मी. आज त्याच्या लेकाचं वाळतच नाही. एवढंही जमेना बघ मला." हा बल्ब तापतच नाही, हे सांगायला माझी जीभ रेटेना. "द्या बाबा, झटकून आणते," म्हणत मी ते आत नेलं, त्यावर गरम इस्त्री फिरवली आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते क्षणभर बल्बजवळ धरून गालाला लावलं. "बघ, वाळलं! आण दुसरं." जांभई गिळत मी इस्त्री पुन्हा तापत ठेवली.